लिफ्टमनचे पाय

आमच्या बागेत व्यायामाची मशीनं बसवली तेव्हा त्यांच्यावर सगळ्यात आधी चढले कावळे. मग शाळा सुटलेली पोरं. मग घामेजलेले तरुण, आरशात बघावं तसं स्वतःच्या दंडाकडे बघणारे. आणि सगळ्यात शेवटी आम्ही, ज्यांच्यासाठी म्हणे ती बसवली होती. पाटीवर तसं लिहिलंच आहे, ज्येष्ठ नागरिकांसाठी. पाटीवर एक हिरवा माणूस काढलाय. त्याला नाक-डोळे नाहीत, पण गुडघे काय सुरेख! असे गुडघे असते तर आम्ही कशाला कडमडायला आलो असतो तिथं?

मला सगळे मावशी म्हणतात. मी दवाखान्यात वॉर्डात कामाला होते, आणि तिथं बाई एकदा का चादरी बदलायला लागली की डॉक्टरपासून पेशंटपर्यंत सगळ्यांची मावशी होते. सख्खं भाचरू म्हणाल तर एक नाही मला. मूलबाळही नाही, आणि नवरा होता तो गेला. उभा जन्म म्हातारी माणसं उचलण्यात गेला, त्यात कंबर कामातून गेली. डॉक्टर म्हणाले, हालचाल ठेवा. आता झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत हालचाल ती किती ठेवणार? खिडकीपासून दारापर्यंत गेलं की संपलं फिरणं. आणि खरं सांगू का, कंबरेपेक्षा तोंडाचा प्रश्न मोठा होता. दिवसच्या दिवस बोलायला कुणी नाही, आणि माझं तोंड मला स्वस्थ बसू देत नाही. बागेत निदान कुणावर तरी खेकसता येतं.

लिफ्टमनवर मी पहिल्याच दिवशी खेकसले.

आमच्याकडे एक झुलतं मशीन आहे. वरच्या दांड्याला धरायचं, लोंबणाऱ्या दोन पट्ट्यांवर पाय ठेवायचे आणि पाय पुढे-मागे करायचे. हवेत चालल्यासारखं वाटतं. त्यावर एक गृहस्थ उभे होते. सगळी माणसं बागेकडे तोंड करून झुलतात, हे कुंपणाकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून. शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. मी बराच वेळ वाट पाहिली आणि मग म्हटलं, "अहो, उतरताय का मुक्काम आहे आज? आम्हीही माणसंच आहोत."

मागे न वळता ते म्हणाले, "तिसरा झाला. चौथा आला की उतरतो."

मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक डोक्याने सरकलेला. वॉर्डात असे खूप पाहिलेत. पण खरंच थोड्या वेळाने ते उतरले, बाजूला झाले, हलत्या पट्ट्या पायाने थांबवून धरल्या आणि म्हणाले, "या. सावकाश. पाय आत घ्या." असं अदबीने मला आजवर कुणी कशातच चढवलं नव्हतं. माझा राग तिथंच निम्मा झाला. पूर्ण नाही, तो माझा कधीच पूर्ण जात नाही.

मग हळूहळू कळलं. ते एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवायचे. पूर्वी लिफ्टमध्ये स्टुलावर एक माणूस बसायचा ना, मजला विचारून बटण दाबणारा, तो माणूस. लिफ्टमनने दाराकडे तोंड करून बसायचं, आत आलेल्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, हा त्यांच्या कामाचा नियम. त्यामुळे साहेबलोक त्यांना बुटांवरून आणि आवाजावरून ठाऊक. चेहऱ्यावरून विचाराल तर एकही सांगता येणार नाही. पुढे लोक आपलं आपणच बटण दाबायला लागले आणि त्यांचं स्टूल बाहेर निघालं. बायको गेली त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे तळमजल्यावर एक खोली, त्यात ते एकटे.

"आणि हे पहिला-दुसरा काय मोजत असता?" मी विचारलं.

"मजले," ते म्हणाले. "मुलगा चौथ्या मजल्यावर राहतो."

"मग लिफ्टने जा की! तुम्हाला काय शिकवायचं त्यातलं?"

"त्याच्या इमारतीत लिफ्ट नाही."

मला हसूच फुटलं. लिफ्टमनचा मुलगा आणि बिनलिफ्टच्या इमारतीत! तेही हसले, पण अगदी थोडं. मुलगा रोज संध्याकाळी फोन करायचा. जेवलात का, पडला नाहीत ना, गोळी घेतलीत का. आणि दर दोन-चार दिवसांनी एक वाक्य ठरलेलं, "बाबा, जिना नसता ना, तर तुम्हाला कधीच आणलं असतं इकडे."

"घोडं तेवढं जिन्यापाशी अडलंय, मावशी," लिफ्टमन म्हणाले. "पाय तयार झाले की झालं."

हे वाक्य मी वॉर्डात नाना तऱ्हांनी ऐकलेलं. आमच्याकडे जागा नाही हो, नाहीतर. आमच्याकडे बाथरूम लांब आहे हो, नाहीतर. त्या नाहीतरच्या पुढचं कधी कुणी बोलत नाही. माझ्या जिभेला हाड नाही, मी बोलून गेले, "जिना नसता तर दुसरं काहीतरी असतं."

लिफ्टमन चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बागेत यायचे, झुलायचे, मी दिसले की पट्ट्या धरून "या" म्हणायचे आणि निघून जायचे. चार दिवस मी नुसती धुसफुसत होते. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, "बरं बाई, जिनाच असेल. चुकलं माझं." आणि आमचं पुन्हा सुरू झालं.

पण घोटाळा निराळाच होता, आणि तो लक्षात यायला मला वेळ लागला. हे मजले मोजायचे कसे? तर वेळावरून. इतकी वर्षं लिफ्टमध्ये बसून कुठल्या मजल्याला किती वेळ लागतो हे त्यांच्या अंगातच भिनलेलं. डोळे मिटून सांगतील, आता दुसरा, आता तिसरा. तेवढा वेळ मशीनवर पाय हलवले की त्यांच्या हिशेबी चौथा मजला आला! पुढेपुढे ते मनातल्या मनात चौथ्यावर दोनदा जायला लागले, म्हणजे दुप्पट वेळ झुलायला लागले. एका संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. लिफ्टमन छाती पुढे काढून सांगत होते, "अरे, चार मजले चढतो मी आता. दोनदा."

फोन ठेवल्यावर मी कपाळाला हात लावला. "अहो, तो झोपाळा आहे! त्याला भार लागत नाही. त्यावर माझी आजीसुद्धा चौथ्या मजल्यावर गेली असती."

"पाय हलतात ना?" ते म्हणाले. "घाम येतो ना?"

"घाम तर मला ओरडूनही येतो. चला माझ्याबरोबर."

बागेच्या फाटकासमोर मोठा रस्ता आहे आणि तो ओलांडायला लोखंडी पूल. मी त्यांना पुलाच्या जिन्यापाशी उभं केलं. त्यांनी बाही सारखी केली, केसांवरून हात फिरवला आणि चढायला लागले. पहिल्या काही पायऱ्या ऐटीत गेल्या. मग हात कठड्यावर आला. मग दुसराही हात आला. जिना जिथं वळतो तिथल्या सपाट जागेवर पोचले आणि संपलं. तोंड पांढरंफटक, पाय लटपटताहेत, शर्ट पाठीला चिकटलेला. खालून-वरून माणसं जात होती. हे कठड्याकडे तोंड करून उभे राहिले, कुणाला दिसू नये म्हणून. मी जाऊन दंड धरला. हसावं म्हणूनच गेले होते मी.

श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले, "मावशी, मजला एवढा मोठा असतो हे मला माहीतच नव्हतं."

मला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही झुलणं बंद केलं. बागेच्या कोपऱ्यात एक ढकलखुर्ची आहे, शेजारी-शेजारी दोन जागांची. खुर्चीत बसायचं, समोरच्या पत्र्यावर पाय टेकायचे आणि रेटा द्यायचा, की आपण आपल्याच वजनासकट मागे जातो. तिच्याकडे कुणी फिरकत नाही, कारण तिच्यात मजा नाही. आम्ही तिथं ठाण मांडलं. लिफ्टमनच्या मांड्या थरथरायच्या, ओठ घट्ट मिटलेले असायचे, पण सोडायचे नाहीत. मी शेजारच्या खुर्चीत बसून तोंडाने व्यायाम करायचे. "रेटा! अजून! झोपलात का? पोटातून श्वास घ्या, नाकातून काय घेताय!" मास्तर म्हणून आमच्यात एक आहेत, वर्तमानपत्र घेऊन बाकावर बसणारे. ते म्हणायचे, "मावशी, तो माणूस व्यायामाने नाही, तुमच्या भीतीने बरा होणार."

थंडी होती तेव्हा सुरू केलं आणि ऊन तापायला लागेपर्यंत रोजचं चाललं. आधी ढकलखुर्ची, मग पूल. पहिल्या वळणापर्यंत. मग वळणाच्या पुढे. मग एक दिवस पुलावर. वर उभं राहून खालच्या गाड्या बघताना लिफ्टमनच्या चेहऱ्यावर काय आलं होतं सांगू! तिथून बागेतली मशीनं खेळण्यासारखी दिसत होती, आणि आमचे मास्तर बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेले. आम्ही दोघं हसहसून कठड्याला टेकलो. किती दिवसांनी असं हसले होते मी, मलाच आठवेना.

मग त्यांचं बोलणं हळूहळू बदलत गेलं. तिकडे गेल्यावर काय-काय, हेच सुरू झालं. "नात अभ्यासाला बसते तेव्हा दिवा कमी पडतो म्हणे. माझा टेबललॅम्प नेतो." "सूनबाई नोकरी करते, भाजी मी निवडत जाईन." "कॉट नेऊ का मावशी? का त्यांच्याकडे असेल?" मी म्हणायचे, "आधी पोचा तर." आणि घरी आले की मला चैन पडायचं नाही. हे गेले की मी कुणावर ओरडणार? मास्तरांवर ओरडण्यात अर्थ नाही, ते ऐकतच नाहीत. सरळ सांगते, त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना "रेटा, रेटा" करत होते. आता याला काय म्हणावं!

एका सुट्टीच्या सकाळी जायचं ठरलं. मुलाला आधी कळवायचं नाही, चकित करायचं. मला म्हणाले, "तुम्ही चला. घसरलो तर धरायला कुणी हवं." मी म्हटलं, "मी धरत नाही, मी ढकलते." पण गेले. माझी चांगली साडी नेसून गेले.

बसमधून उतरून इमारतीपाशी आलो. लिफ्टमन खाली उभं राहून वर बघत राहिले. मग चढायला लागले, मी मागे. पहिला मजला, दाराबाहेर चपलांचा ढीग. दुसरा, कुणाच्या तरी घरात मिक्सर चाललेला. तिसऱ्यावर एक छोटी सायकल कठड्याला बांधलेली होती. मी म्हटलं, "टेका जरा." ते म्हणाले, "टेकलो तर उठणार नाही." माझीच कंबर बोंबलत होती, पण मी दात आवळून गप्प. चौथ्यावर पोचलो. मी बेलकडे हात नेला तर त्यांनी अडवला. दम लागलेला मुलाला दिसायला नको होता. रुमालाने तोंड पुसलं, कॉलर सारखी केली, श्वास खाली बसेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "दाबा."

मुलाने दार उघडलं आणि घाबरलाच. "बाबा! काय झालं? कुणी आणलं तुम्हाला?" आमच्या मागे जिन्यात वाकून बघायला लागला, कुणी खुर्चीत बसवून उचलून आणलं की काय म्हणून.

"पायांनी आलो," लिफ्टमन म्हणाले.

मुलाला खरं वाटेना. मग खरं वाटलं तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नाटक नव्हतं ते. मी नाटकं खूप पाहिलीत, मला कळतं. त्याने बापाला मिठी मारली, आतल्यांना हाका मारल्या, मोबाइल काढला आणि म्हणाला, "बाबा, शेवटच्या पायऱ्या पुन्हा एकदा चढून दाखवा ना. व्हिडिओ काढतो. ग्रुपवर टाकू, सगळे वेडे होतील!" लिफ्टमन खालच्या वळणापर्यंत गेले आणि पुन्हा चढून आले. या वेळी दम लपवता आला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण ते इतके खूश दिसत होते की मी गिळली.

घर दोन खोल्यांचं. खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून सुनेने मला बसायला दिलं. नात पलंगाच्या कडेला पुस्तकं पसरून बसली होती, आम्हाला जायला वाट व्हावी म्हणून तिने पाय वर घेतले. सून बिचारी चांगली होती. नाव ठेवायला मी जागा शोधत होते, सापडली नाही. कॉट ठेवायलाही जागा शोधत होते. तीही सापडली नाही.

चहा आला. मुलाचं कौतुक संपत नव्हतं. "मावशी, तुम्ही जादू केलीत. बाबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा फिट! मी जिना चढलो की धापा टाकतो." बापाला नुसतं हरभऱ्याच्या झाडावर चढवणं चाललं होतं. मग तो खुर्ची ओढून बापाच्या अगदी जवळ बसला. आता बोलणार, मला वाटलं. लिफ्टमनलाही वाटलं. त्यांनी कप बशीत ठेवला.

"बाबा, खरं सांगतो, मला झोप लागायची नाही," मुलगा म्हणाला. "तुम्ही तिकडे एकटे, पडलात-बिडलात तर काय, हेच डोक्यात. एका बाईंशी बोलणीसुद्धा केली होती मी, तुमच्याकडे सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जायला. आता काही गरजच नाही, नाही का? एवढे ठणठणीत आहात, खुशाल एकटे राहाल तुम्ही. सांगतो त्या बाईंना नको म्हणून. आणि रोज फोन करून तुमचं डोकंही खाणार नाही आता." आणि हसला. बापाला काहीतरी चांगलं दिल्यासारखा हसला हो तो.

मी लिफ्टमनकडे पाहिलं. आता बोला, म्हटलं मनात. आता नाही तर कधी?

"हो," लिफ्टमन म्हणाले. "उगाच कशाला त्रास." मग नातीला विचारलं, कितवीत आहेस आता. तिने सांगितलं. ते म्हणाले, वा. मग कपातला उरलेला चहा संपवला आणि म्हणाले, "निघतो. ऊन वाढेल."

दुसऱ्या मजल्यापर्यंत मी कशीबशी गप्प राहिले. मग मला राहवेना. "वाचा बसली होती का तुमची? सांगता येत नव्हतं? एवढे महिने मांड्या फोडून घेतल्यात त्या कशासाठी?"

"हळू बोला, जिन्यात आवाज घुमतो," ते म्हणाले. "तो किती खूश झाला, पाहिलंत ना?"

बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि सबंध रस्ता बाहेर बघत राहिले.

त्यानंतर ते बागेत यायचे थांबले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मी ढकलखुर्चीत बसून बघायचे फाटकाकडे. मग झुलत्या मशीनवर चढायचे, मग उतरायचे. पट्ट्या धरायला कुणी नाही, तर माझा पाय एकदा अडकलाही. मास्तर म्हणाले, "तुमचे शिष्य कुठे?" मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा." घरी येऊन जेवले नाही त्या दिवशी. नाहीतरी कोण करून घालतंय आणि कोण विचारतंय.

शेवटी मीच गेले. सायकलच्या दुकानामागे खोली. दार लोटलेलं होतं. लिफ्टमन कॉटवर बसलेले, दाढी वाढलेली, गळ्याचं बटण उघडं. दिवा लावला नव्हता, आणि टेबललॅम्प वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला तसाच कोपऱ्यात.

"आजारी आहात का?"

"नाही. बसलोय."

"कशाला?"

ते म्हणाले, "बसून राहिलं की पाय जातात, तुम्हीच सांगायचात. जाऊ देत आता. एकदा पडलो की त्याला न्यावंच लागेल."

ओरडायला तोंड उघडलं, तर तेच पुढे म्हणाले, "मावशी, तुमच्या वॉर्डात पडलेली माणसं यायची ना? बरं वाटलं की मुलं घरी न्यायचीच ना त्यांना?"

मी काय सांगू? माझ्यासमोर खाटाच खाटा उभ्या राहिल्या. खिडकीशी बसून फाटकाकडे बघणारे आजोबा. पिशवी भरून उशाशी ठेवलेली एक म्हातारी, रोज सकाळी मला विचारायची, आज येणार ना गं. हो म्हटलं तर हा माणूस मुद्दाम पडणार. नाही म्हटलं तर त्याच्याकडे उरलं काय?

"नाही न्यायची," मी म्हटलं. "एखादा न्यायचा. बाकीच्यांना दुसरीकडे ठेवायचे. घरी नाही."

ते नुसते बघत राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच यायला लागलं, आणि मला रडू आलं की राग येतो. "जन्मभर आल्या-गेल्याला विचारलंत, कुठं जायचंय म्हणून. तुम्हाला कुठं जायचंय हे एकदा तरी कुणाला सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही."

"मग न विचारता सांगा!" मी एवढ्या जोरात ओरडले की सायकलवाला हातात पंप घेऊन आत डोकावला. मी त्याच्यावरही ओरडले. मग लिफ्टमनना म्हटलं, "आणि बागेत या. मी तिथं एकटी असते. मला नाही करमत." आणि उत्तराला न थांबता निघाले.

दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी मी बागेत गेले तर लिफ्टमन ढकलखुर्चीशी उभे. दाढी केलेली, सगळी बटणं लावलेली.

"बोललो मी त्याच्याशी," ते म्हणाले. "मीच फोन केला."

"काय बोललात?"

"म्हटलं, जिना चढायला शिकलो तो एकटं राहायला नाही. मला एकट्याला राहवत नाही. मला तुमच्यात यायचंय." त्यांनी गळ्याचं बटण चाचपलं. "सरळ सांगितलं, मावशी. आडपडदा नाही ठेवला."

"मग? काय म्हणाला?"

"बराच वेळ काही बोललाच नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाला, बघू बाबा."

बघू. वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी उभी राहून, घड्याळाकडे बघत माणसं हेच म्हणायची. त्या बघूचं पुढं काय होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते.

"नाही म्हणाला नाही तो," लिफ्टमन म्हणाले. "बघू म्हणाला. म्हणजे बघेल. आणि उद्या ये म्हणाला तर पाय तयार नकोत?" असं म्हणून ते खुर्चीत बसले, पत्र्यावर पाय टेकले आणि ओठ मिटून रेटा दिला. एवढे दिवस बसून राहिल्याने मांड्या पुन्हा थरथरत होत्या.

ते शब्द मी गिळले. शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले आणि मीही पाय टेकले.